आधुनिक खेळांच्या आरंभकाळातील श्रेष्ठ खेळाडू : आपली यादी १८९६ पासूनच का सुरू होते?

पाऊलवाट (प्रश्न; या चर्चेत सर्वजण टोपणनावांनी लिहितात) :

आधुनिक मैदानी खेळांच्या पहिल्या पिढीतील थोर खेळाडू कोण, या विषयावरचे जवळजवळ प्रत्येक लेखन १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून सुरू होते. तिहेरी उडीत पहिला विजेता ठरलेला जेम्स कॉनोली, शंभर मीटर जिंकणारा टॉमस बर्क, मॅरेथॉनचा स्पिरिडॉन लुईस, ८०० आणि १५०० मीटरचा विजेता एडविन फ्लॅक ही नावे ठरलेल्या क्रमाने येतात. पुढे १९०० चे पॅरिस, १९०४ चे सेंट लुईस आणि १९०८ चे लंडन असा प्रवास होतो. वाचणाऱ्याची नकळत अशी समजूत होते, की त्यापूर्वी माणसे धावत असतील, पण मोजलेल्या अंतरावर, घड्याळ लावून आणि हजारोंच्या गर्दीसमोर कोणी धावत नसावे.

अलीकडे जुन्या नोंदी चाळताना दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले आणि या समजुतीला तडा गेला. फ्लॅकने अथेन्समध्ये १५०० मीटरची शर्यत ४ मिनिटे ३३.२ सेकंदांत जिंकली. त्याआधी दहा वर्षे, २३ ऑगस्ट १८८६ रोजी, लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर वॉल्टर जॉर्ज एक पूर्ण मैल, म्हणजे सुमारे १६०९ मीटर, ४ मिनिटे १२ पूर्णांक तीन चतुर्थांश सेकंदांत धावला होता. अंतर शंभर मीटरांहून जास्त आणि वेळ मात्र वीस सेकंदांनी कमी! एवढ्या मोठ्या फरकाचे कारण काय असावे, आणि असा धावपटू आपल्या याद्यांमध्ये का दिसत नाही, हे जाणकारांनी सांगावे. त्याचबरोबर, या काळाची प्रामाणिक यादी करायची झाल्यास तिच्यात आणखी कोणती नावे यायला हवीत, हेही वाचायला आवडेल.

जुनी पाने :

आपल्या प्रश्नाचे उत्तर धावण्याच्या वेगात नाही, ते सदस्यत्वाच्या नियमांत आहे. जॉर्ज १८८६ मध्ये व्यावसायिक होता, आणि ज्या संस्थांनी पुढे विक्रमांच्या अधिकृत वह्या लिहिल्या त्यांच्या लेखी व्यावसायिक खेळाडू अस्तित्वातच नव्हता.

इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकात ज्या क्लबांनी मैदानी स्पर्धांचे नियम बांधायला घेतले ते विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या, घरची सुबत्ता असलेल्या तरुणांचे होते. त्यांच्या नियमांत कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी खेळाडू मानले जाऊ नये, असे सरळ म्हटलेले होते. म्हणजे एखाद्याने धावून एक पैही कमावली नसली, तरी त्याच्या हाताला कामाची सवय आहे एवढ्यानेच तो बाद ठरत असे. १८८० मध्ये ऑक्सफर्ड येथे हौशी मैदानी खेळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा हे वर्गभेदाचे कलम गळले. त्याच्या जागी जे राहिले ते मात्र कडक होते. रोख बक्षिसासाठी धावणारा, पैशांसाठी धावणाऱ्याबरोबर स्पर्धा करणारा आणि उपजीविकेसाठी खेळ शिकवणारा हे सर्व कायमचे हद्दपार झाले. नियम आता सर्वांना सारखा होता, फक्त तो पाळणे ज्याच्या घरात खाण्यापिण्याची ददात नाही त्यालाच परवडत होते.

जॉर्ज मूळचा हौशीच. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करणाऱ्या या तरुणाने १८८४ मध्ये हौशी म्हणून मैलाचा विक्रम ४ मिनिटे १८.४ सेकंदांपर्यंत आणला. त्याच्या वेळेच्या आसपास फिरकणारा कोणी हौशींमध्ये उरला नव्हता. जो होता तो व्यावसायिकांमध्ये, स्कॉटलंडचा विल्यम कमिंग्ज, ज्याने १८८१ मध्येच मैल ४ मिनिटे १६.२ सेकंदांत धावून दाखवला होता. जॉर्जने कमिंग्जशी धावण्याची परवानगी संघटनेकडे मागितली आणि ती नाकारली गेली. तेव्हा त्याने हौशीपण सोडले. १८८५ मध्ये दोघांच्या तीन शर्यती झाल्या. मैल जॉर्जने जिंकला, चार मैल आणि दहा मैल कमिंग्जने. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुन्हा मैलाची शर्यत ठरली. अखेरच्या फेरीत कमिंग्ज पुढे निघाला, जॉर्जने त्याला गाठले, आणि शेवटची रेषा जवळ येत असताना कमिंग्ज धावपट्टीवर कोसळला. आपण दिलेली वेळ याच शर्यतीची आहे.

आता वह्यांकडे पाहू. मैदानी खेळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन झाला आणि त्याने मान्य केलेला मैलाचा पहिला जागतिक विक्रम १९१३ चा, अमेरिकेच्या जॉन पॉल जोन्सचा आहे : ४ मिनिटे १४.४ सेकंद. म्हणजे अधिकृत इतिहासाचे पहिले पान उघडले तेव्हा त्यावर लिहिलेली वेळ सत्तावीस वर्षे जुन्या वेळेपेक्षा दीड सेकंदाहून अधिक संथ होती. जॉर्जची वेळ प्रत्यक्षात मागे पडली ती १९१५ मध्ये, नॉर्मन टेबरने ४ मिनिटे १२.६ सेकंदांची नोंद केली तेव्हा.

अथेन्समध्येही हीच चाळणी लागली होती. कार्लो आयरोल्डी नावाचा इटालियन धावपटू मॅरेथॉनसाठी मिलानहून निघून, वाटेतला मोठा भाग पायी चालून अथेन्सला पोहोचला. पण पूर्वी मिलान ते बार्सिलोना अशा शर्यतीत त्याने रोख बक्षीस घेतले होते, म्हणून त्याला प्रवेश मिळाला नाही. तो धावला असता तर जिंकला असता, असे म्हणायला आधार नाही. मुद्दा एवढाच, की लुईस ज्यांच्याशी धावला ते जगातले सर्वोत्तम धावपटू नव्हते, ते प्रवेश मिळालेले धावपटू होते.

घड्याळजी :

वरील विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे, तरीही दोन ठिकाणी सावधगिरी हवी असे वाटते.

पहिली गोष्ट, फ्लॅकच्या वेळेवरून सगळ्या हौशी धावपटूंचे माप काढणे न्याय्य नाही. अथेन्सचे स्टेडियम प्राचीन आराखड्यावर उभारलेले, लांबट आणि चिंचोळे होते. दोन्ही टोकांची वळणे इतकी तीव्र होती, की तेथे वेग कमी केल्याशिवाय वळताच येत नसे. शिवाय तेथे धावणाऱ्यांची संख्या मोजकी होती आणि १५०० मीटरची शर्यत डावपेचांनी जिंकण्यासारखी होती. घड्याळाशी झुंजण्याचे फ्लॅकला काही कारण नव्हते. आदल्याच वर्षी, १८९५ मध्ये, टॉमस कॉनेफ या हौशी धावपटूने न्यू यॉर्कजवळ मैल ४ मिनिटे १५.६ सेकंदांत धावला होता, आणि तो अथेन्सला गेलाच नाही. तेव्हा अथेन्सची स्पर्धा व्यावसायिकांविना तर होतीच, पण हौशींपैकी सर्वोत्तमही तेथे सगळे नव्हते. पहिले ऑलिंपिक हे त्या काळच्या क्रीडाजगताचे शिखर होते, ही समजूत नंतरच्या ऑलिंपिकच्या थोरवीतून मागे जाऊन चिकटलेली आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्यावसायिकांना केवळ उच्चवर्गीयांच्या तिरस्कारामुळे विसरले गेले, असे चित्र उभे राहत असेल तर ते अपुरे आहे. त्या शर्यतींचा सगळा डोलारा पैजांवर उभा होता, आणि पैज जिंकण्याचे मार्ग वेगाने धावण्यापुरते मर्यादित नव्हते. सवलत देऊन लावलेल्या शर्यतींत धावपटू महिनोन्महिने मुद्दाम हळू धावत, म्हणजे त्यांना पुढून सुरुवात करायला मिळे. कोणी टोपणनावाने दुसऱ्या गावात उतरत. कोठे अंतरच नीट मोजलेले नसे. जॉर्ज आणि कमिंग्जच्या त्या शर्यतीनंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, १८ सप्टेंबर १८८७ रोजी, त्याच लिली ब्रिज मैदानावर हॅरी हचिन्स आणि हॅरी गेंट या दोन वेगवान व्यावसायिकांची शर्यत ठरली होती. हचिन्स म्हणजे १८८४ च्या जानेवारीत एडिनबरोच्या पावडरहॉल मैदानावर ३०० यार्ड ३० सेकंदांत धावलेला माणूस. गर्दी तिकिटे काढून आत बसली, आणि कोणी हरायचे यावर पैजवाल्यांच्या दोन टोळ्यांचे एकमत न झाल्यामुळे दोघेही धावपटू मैदानात उतरलेच नाहीत. संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानाला आग लावली. इंग्लंडमधील व्यावसायिक धावण्याची पत त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

म्हणूनच व्यावसायिकांची प्रत्येक दंतकथा खरी मानून चालत नाही, आणि हौशी संघटनांनी अंतर मोजणे, एकाहून अधिक घड्याळे लावणे, पंचांच्या सह्या घेणे ही शिस्त आणली हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही.

एवढे म्हटल्यावर, ज्या नोंदींबद्दल शंका घेण्यास फारशी जागा नाही अशी एक साखळी मांडतो. अमेरिकेच्या सेनेका या मूळनिवासी जमातीतला लुईस बेनेट, जो डीअरफुट या नावाने ओळखला गेला, १८६१ मध्ये इंग्लंडला आला. अंगावर लांडग्याचे कातडे आणि कपाळावर पीस लावून त्याला मैदानात उतरवले जाई, कारण आयोजकाला खेळाइतकाच तमाशा विकायचा होता. १८६२ च्या त्याच्या दौऱ्यातील काही शर्यती ठरवून केलेल्या असाव्यात, असा संशय त्या काळीही व्यक्त झाला. पण १८६३ मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन येथे त्याने एका तासात ११ मैल ९७० यार्ड अंतर कापले, ही नोंद टिकून आहे. १८८४ मध्ये जॉर्जने हौशी असताना एका तासात ११ मैल ९३२ यार्ड धावून दाखवले, म्हणजे एकवीस वर्षांनंतर, मैलाच्या राजाने, ३८ यार्ड कमी. १९०४ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर अल्फ्रेड श्रब ११ मैल ११३७ यार्ड धावला आणि हौशींच्या अनेक अंतरांचे विक्रम त्याच एका दुपारी मोडले. तो त्या काळचा अजोड धावपटू, आणि तरीही डीअरफुटच्या पुढे फक्त १६७ यार्ड, तेही एकेचाळीस वर्षांनी. अधिकृत यादीतले पहिले नाव मात्र १९१३ चे, फ्रान्सच्या जाँ बुअँचे आहे, १९,०२१ मीटर. श्रबलाही पुढे पैसे घेतल्याच्या आरोपावरून संघटनेने बाहेर काढले आणि तो व्यावसायिक झाला, हे ओघाने आलेच.

माझ्या यादीत डीअरफुटचे नाव लुईसच्या वर असेल. त्याच्या पिसांमुळे नव्हे, त्या ९७० यार्डांमुळे.

रात्रपाळी :

चर्चा मैलाभोवती आणि तासाभोवती फिरते आहे, म्हणून त्या काळात सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या प्रकाराची आठवण करून देतो. १८७० आणि १८८० च्या दशकांत लंडन आणि न्यू यॉर्क या शहरांत लोक सहा दिवसांच्या शर्यती पाहायला जात. रविवारी खेळ वर्ज्य असल्यामुळे रविवार संपताच मध्यरात्री सुरुवात होई आणि शनिवारी रात्रीपर्यंत स्पर्धक बंदिस्त सभागृहातील छोट्या धावपट्टीवर चालत आणि धावत राहत. झोप किती घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. या चालण्याच्या वेडाची मुळे आणखी मागे जातात. १८०९ मध्ये न्यूमार्केट येथे कॅप्टन बार्कले याने सलग हजार तास, दर तासाला एक मैल, असे हजार मैल चालून हजार गिनींची पैज जिंकली होती. अमेरिकेत एडवर्ड पेसन वेस्टन हा १८६१ मध्ये निवडणुकीवरची पैज हरल्यामुळे लिंकनच्या शपथविधीसाठी बॉस्टनहून वॉशिंग्टनला चालत गेला, समारंभ संपल्यावर पोहोचला, आणि तेवढ्यावरही प्रसिद्ध झाला.

या प्रकारातली दोन नावे कोणत्याही यादीत हवीत. पहिले फ्रँक हार्ट. हैतीत जन्मलेला आणि बॉस्टनमध्ये किराणा दुकानात काम करणारा हा कृष्णवर्णीय तरुण डॅनियल ओलिअरी या विजेत्याच्या हाताखाली तयार झाला, आणि १८८० च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने सहा दिवसांत ५६५ मैल कापून शर्यत जिंकली. दुसरे नाव शेफिल्डच्या जॉर्ज लिटलवुडचे. १८८८ च्या डिसेंबरमध्ये तेथेच त्याने ६२३ मैल आणि वर पाऊण मैल असे अंतर नोंदवले. घड्याळजींना आवडेल अशी गोष्ट म्हणजे हा आकडा मोडायला १९८४ साल उजाडावे लागले. तो ग्रीसच्या यानिस कुरोस याने मोडला. मधल्या शहाण्णव वर्षांत पोषण, बूट, वैद्यक सगळे बदलले होते. अर्थात मधल्या काळात हा प्रकारच जवळजवळ बंद पडला होता, हेही नमूद करायला हवे, नाहीतर कौतुक आंधळे होईल.

याच वर्तुळात स्त्रियाही होत्या, आणि त्यांच्याविषयी तर कोणी बोलतच नाही. इंग्लंडहून आलेल्या एडा अँडरसन हिने १८७८ च्या डिसेंबरपासून १८७९ च्या जानेवारीपर्यंत ब्रुकलिनच्या मोझार्ट गार्डनमध्ये दर पाव तासाला पाव मैल याप्रमाणे २७०० पाव मैल पूर्ण केले. हिशेब करून पाहावा : सहाशे पंचाहत्तर तास, म्हणजे अठ्ठावीस दिवसांहून अधिक काळ, आणि त्यात एका वेळी दहा-बारा मिनिटांपलीकडे झोप नाही. प्रेक्षक तिकीट काढून आले आणि तिने पैसे मिळवले, त्यामुळे ती खेळाडूंच्या वहीत न जाता करमणुकीच्या सदरात गेली. पुढे १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांनी ८०० मीटर धावली आणि काही जणी शेवटी धापा टाकत बसल्या, तेव्हा हे अंतर स्त्रीदेहाला झेपत नाही असे ठरवून ती शर्यत १९६० पर्यंत काढून टाकण्यात आली. ज्यांनी हे ठरवले त्यांच्यापैकी किती जणांना एडा अँडरसनचे नाव ठाऊक होते, हा प्रश्न मनात येतो.

मधली रेघ :

रात्रपाळी यांनी १९२८ चा उल्लेख केला म्हणून त्याला जोड देतो. त्या शर्यतीत जर्मनीची लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांत सुवर्ण जिंकले, आणि दुसरी आली जपानची किनुए हितोमी. हितोमी शंभर मीटरच्या उपांत्य फेरीत बाद झाली होती; रिकाम्या हाताने परतायचे नाही म्हणून ती सराव नसलेल्या ८०० मीटरमध्ये उतरली. ती वृत्तपत्रात काम करत होती, आणि १९२६ मध्ये गोथेनबर्ग येथील स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेतही चमकली होती. ही स्पर्धा फ्रान्सच्या ॲलिस मिलिया यांच्या चिकाटीमुळे उभी राहिली होती. ऑलिंपिक समिती मैदानी खेळांत स्त्रियांना घेईना, म्हणून त्यांनी १९२२ मध्ये पॅरिसला स्त्रियांचे स्वतंत्र ऑलिंपिक भरवले. ते नाव वापरू देण्यास समितीने विरोध केला, आणि तडजोड म्हणून ॲम्स्टरडॅममध्ये स्त्रियांना मैदानी खेळांचे पाच प्रकार मिळाले. हितोमी १९३१ मध्ये, चोविसाव्या वर्षी, २ ऑगस्ट रोजी वारली. ॲम्स्टरडॅमची ती शर्यतही २ ऑगस्टलाच झाली होती.

शार्लट कूपरचे नाव मात्र नेहमी येते, कारण १९०० मध्ये पॅरिसला टेनिस जिंकून ती वैयक्तिक प्रकारातली पहिली स्त्री ऑलिंपिक विजेती ठरली. तिने विंबल्डन एकूण पाच वेळा जिंकले आणि कारकिर्दीच्या बऱ्याच काळात तिला ऐकू येत नव्हते. तिची योग्यता वादातीत आहे. तरीही टेनिसचा क्लब तिला उघडा होता आणि मोझार्ट गार्डन हे क्लबांच्या जगाबाहेर होते, हा फरक येथे विसरता येत नाही.

शांतपणे :

व्यावसायिकांना न्याय देताना हौशींना खाली ओढण्याचे कारण नाही. रे यूरी हे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे नवल वाटते. लहानपणी पोलिओ झालेल्या या अमेरिकनाने पायांचे व्यायाम करत करत उभ्या जागेवरून उडी मारण्याचे कौशल्य मिळवले आणि १९००, १९०४ व १९०८ या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून आठ वैयक्तिक सुवर्णे जिंकली. त्यांपैकी तीन पॅरिसला एकाच दिवशी. तो ज्या प्रकारात उतरला त्यात कधी हरला नाही. धाव न घेता त्याने १ मीटर ६५ सेंटिमीटर उंची ओलांडली होती. उभ्या उड्यांचे प्रकार १९१२ नंतर बंद झाले आणि त्याच्याबरोबर त्याची कीर्तीही मागे पडली. म्हणजे विसरले जाण्यासाठी व्यावसायिक असणे आवश्यक नाही, खेळाचा प्रकार बंद पडला तरी पुरते.

दांभिकतेविषयी बोलायचे तर क्रिकेटचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. डब्ल्यू. जी. ग्रेस कागदोपत्री हौशी होते. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांना दीड हजार पौंड आणि वर खर्च मिळाला. त्याच संघातल्या व्यावसायिकांना प्रत्येकी १७० पौंड. तरीही मैदानात उतरताना ते हौशींसाठी राखलेल्या, सभ्य गृहस्थांच्या दारातून उतरत. त्यांची फलंदाजी अर्थातच या हिशेबाने लहान होत नाही.

पाऊलवाट :

आपणा सर्वांचे आभार. यादीचा आराखडा आता बदलतो आहे. एक शंका उरते. जिम थॉर्प याला कोठे ठेवायचे? त्याने १९१२ मध्ये स्टॉकहोमला पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) ही दोन्ही सुवर्णे जिंकली आणि ती काढून घेतली गेली, एवढे सर्वत्र वाचायला मिळते. दोन्ही जगांत पाय असलेले असे आणखी कोणी होते का?

जुनी पाने :

थॉर्पची गोष्ट सर्वांना माहीत आहे असे वाटते, पण तिच्यातील नियमाचा भाग सहसा सांगितला जात नाही. सॅक अँड फॉक्स जमातीतला हा तरुण १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलिनात दुय्यम दर्जाच्या बेसबॉल संघातून थोड्या पैशांवर खेळला होता. कॉलेजात शिकणारी अनेक मुले तेच करत, फक्त ती खोटे नाव लावत; थॉर्पने स्वतःचे खरे नाव लावले. १९१३ च्या जानेवारीत बातमी फुटली आणि पदके परत घेण्यात आली. मात्र स्टॉकहोमच्या नियमांप्रमाणे कोणत्याही स्पर्धकाविरुद्धची तक्रार स्पर्धा संपल्यावर तीस दिवसांच्या आत करायची होती, आणि ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणजे ज्या नियमाच्या पावित्र्यासाठी त्याला शिक्षा झाली, त्याच नियमावलीतला दुसरा नियम मोडून ती दिली गेली. १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, त्याला सहविजेता म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये एकमेव विजेता म्हणून. डेकॅथलॉनमध्ये त्याच्या मागे राहिलेला स्वीडनचा हुगो विसलांडर याच्यावर त्याने सुमारे सातशे गुणांची आघाडी घेतली होती, तेव्हा सहविजेता हा शब्द तसाही विचित्रच होता.

ही पकड पुढेही सुटली नाही. वीटकाम करणाऱ्या जॉन केली याला १९२० मध्ये इंग्लंडच्या हेन्ली येथील नौकानयन स्पर्धेत प्रवेश नाकारला गेला. हाताने काम करणारा म्हणून, आणि त्याच्या क्लबवर जुनी बंदी होती म्हणूनही. त्याच उन्हाळ्यात त्याने अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरी सुवर्ण जिंकले आणि नंतर त्याच दिवशी चुलतभावाबरोबर दुहेरीही. १९३२ मध्ये तर नऊ सुवर्णे जिंकलेल्या फिनलंडच्या पाव्हो नुर्मीलाच लॉस एंजेलिसच्या उंबरठ्यावर व्यावसायिक ठरवून रोखण्यात आले. त्याचा देशबंधू हानेस कोलेमाइनेन, ज्याने १९१२ मध्ये बुअँला ५००० मीटरमध्ये एक दशांश सेकंदाने मागे टाकले, तो हौशी राहिला आणि सन्मानित झाला. त्याचा भाऊ विल्यम अमेरिकेत व्यावसायिक म्हणून धावत असे, आणि त्याचे नाव आज फिनलंडबाहेर क्वचितच कोणाला आठवते.

घड्याळजी :

दोन्ही जगांत पाय असलेल्यांमध्ये दोन नावे सुचवतो. मेजर टेलर हा अमेरिकेचा कृष्णवर्णीय सायकलपटू १८९९ मध्ये माँट्रियल येथे एक मैलाचा जागतिक विजेता ठरला. सायकल हा त्या काळी अशा मोठ्या खेळांपैकी एक होता, ज्यांत व्यावसायिकांची जगज्जेतेपदे उघडपणे नोंदली जात होती. म्हणूनच टेलरचे नाव वह्यांत टिकले. त्याला आडकाठी आली ती रंगाची. अमेरिकेच्या सायकल संघटनेने १८९४ मध्येच कृष्णवर्णीयांना सदस्यत्व नाकारले होते, आणि त्याच्या देशातल्या अनेक धावपट्ट्यांवर त्याला उतरू दिले जात नसे. युरोपात मात्र १९०१ मध्ये फ्रान्सच्या एदमाँ जाकलँशी झालेल्या त्याच्या लढती पाहायला प्रचंड गर्दी लोटली. तो १९३२ मध्ये शिकागोत दारिद्र्यात वारला.

दुसरा आर्थर व्हार्टन. जन्म १८६५, आजच्या घानातील अक्रा येथे. १८८६ मध्ये हौशी संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने १०० यार्ड १० सेकंदांत धावून विजेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी ते राखले. मग त्याने सीमारेषा ओलांडली : १८८८ मध्ये शेफिल्डच्या व्यावसायिक शर्यतीत धावला, फुटबॉलमध्ये गोलरक्षक म्हणून पगार घेतला, आणि खेळ संपल्यावर कोळशाच्या खाणीत राबला. १९३० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो १९९७ मध्ये बसवला गेला. आज त्याची ओळख पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू अशी दिली जाते, आणि धावण्याचे त्याचे विजेतेपद तळटीपेत जाते. आपण यादीत हौशी आणि व्यावसायिक असे दोन रकाने करणार असाल, तर त्याचे नाव दोन्हींत लिहावे, आणि १८८६ च्या त्या १० सेकंदांसमोर हेही नोंदवावे, की अथेन्समध्ये बर्कने शंभर मीटर, म्हणजे जेमतेम नऊ यार्ड अधिक अंतर, १२ सेकंदांत जिंकले होते.